झोपेतून उठल्यावर स्क्रीनवर रेघा येतात? पॅनल बदलायच्या आधी हे तपासा

ऑक्टोबर महिना, सोयाबीनचा हंगाम. परभणीच्या मोंढ्यात दोन आडत दुकानांचा हिशेब मी लॅपटॉपवर ठेवतो. सकाळची हर्राशी आटोपली, डबा खायला म्हणून झाकण लावलं आणि अडीचच्या सुमारास उघडलं, तर स्क्रीनचा खालचा तिसरा भाग फाटल्यासारखा. बारीक हिरव्या रेघा आणि त्यामागे सकाळचीच पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब), पण आकडे एकाखाली एक दोनदा उमटलेले. कट्टे ४२ आहेत की ४३ हे वाचता येईना. गंमत म्हणून नाही, घाबरून माऊस हलवला, तर बाण जिथून गेला तेवढी वाट स्वच्छ झाली. बाकी सगळं तसंच. रिस्टार्ट केलं, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता पुन्हा तेच.

माऊस फिरला तिथली वाट स्वच्छ होणं, हीच खरी खूण होती. ती मला तेव्हा वाचता आली नाही. दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं, त्यांनी टीव्हीला जोडून पाहिलं, टीव्हीवर चित्र चांगलं, म्हणजे स्क्रीन गेली असा निष्कर्ष निघाला. पॅनल बदललं, साडेपाच हजार गेले. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं आणि नव्याकोऱ्या पॅनलवर त्याच हिरव्या रेघा. त्यानंतर मी या प्रकाराच्या मागेच लागलो. मोंढ्यातल्या, गल्लीतल्या, नात्यातल्या कितीतरी जणांची तक्रार हीच असते आणि बहुतेकांना पहिला सल्ला पॅनल बदलण्याचाच मिळतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी लॅपटॉप झोपतो म्हणजे काय होतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला, वीज चालू राहते, म्हणून तुमची उघडी फाईल जागेवर सापडते. पण चित्र काढणारा ग्राफिक्सचा भाग, स्क्रीनचा मागचा उजेड, ग्राफिक्स आणि पॅनल यांच्यातली जोडणी हे सगळं बंद होतं किंवा अगदी कमी विजेवर जातं. झाकण उघडलं की एक-दोन सेकंदांत ग्राफिक्स ड्रायव्हरला, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रामला, हे सगळं परत उभं करावं लागतं. पॅनलशी बोलणं नव्याने सुरू करायचं, किती वेगाने माहिती पाठवायची ते ठरवायचं, मग चित्र पाठवायचं. यातली एखादी पायरी चुकली की काळी स्क्रीन, रेघा, थरथर, रंगांचे चौकोन, नाहीतर आधीचंच चित्र चिकटून राहणं, यातलं काहीतरी दिसतं. रिस्टार्टने बरं वाटतं, कारण ड्रायव्हर पहिल्यापासून सुरू होतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे फार लोक फसतात. ‘मी तर रोज रात्री शटडाऊन करतो, तरी सकाळी रेघा आहेतच,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि ती बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते. तुम्ही शटडाऊन करता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे बिघडलेली अवस्थाही तशीच परत येऊ शकते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून तपासणी चालू असेपर्यंत शटडाऊन न करता रिस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवरची बटणं काय करतात ते ठरवण्याची जागा, आणि तिथली त्या नावाची खूण काढायची. ती खूण फिकी दिसत असेल तर वरची ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ या अर्थाची निळी ओळ आधी दाबावी लागते.

रेघा दिसत असतानाच करायच्या गोष्टी

रेघा आल्या की हात लगेच पॉवरच्या बटणावर जातो. थांबा. हीच दोन मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत, कारण रिस्टार्ट केलं की पुरावा गेला.

पहिलं म्हणजे स्क्रीनशॉट. विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा आणि तो फोटो मोबाईलवर पाठवून मोबाईलवरच बघा. मोबाईलवर रेघा दिसल्या, तर खोट चित्र तयार होतानाच पडतेय: ड्रायव्हर, ग्राफिक्सची चिप किंवा रॅम. मोबाईलवर चित्र स्वच्छ असेल, तर चित्र बरोबर बनतंय आणि पुढे पॅनलपर्यंत जाताना बिघडतंय.

याच ठिकाणी माझ्या बाबतीत चूक झाली. स्क्रीनशॉट स्वच्छ, टीव्हीवरही चित्र स्वच्छ, म्हणजे पॅनल खराब, हा हिशेब पटण्यासारखा आहे, पण अपुरा आहे. चित्र तयार होणं आणि डोळ्यांना दिसणं यांच्यामध्ये पॅनल आहेच, त्याशिवाय बिजागरीतून जाणारी केबल आहे आणि वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर व पॅनल मिळून करतात त्या युक्त्याही आहेत. तिघांचीही लक्षणं या चाचणीत सारखीच दिसतात.

म्हणून दुसरी गोष्ट: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, बारीक आवाज येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढ्यात नव्याने सुरू होतो. उघड्या फाईलला धक्का लागत नाही. विंडोज १० आणि ११ दोन्हीत हे चालतं. याने रेघा गेल्या तर पॅनल बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पिचलेली केबल किंवा तडकलेलं पॅनल कळा दाबून बरं होत नाही.

तिसरी गोष्ट मला वाटतं सगळ्यात कमी लोक करतात आणि तिनेच जास्त उलगडा होतो. लॅपटॉप झाकण न लावता झोपवा. स्टार्ट मेनूतून स्लीप निवडा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि कीबोर्डची कळ दाबून उठवा. झाकणाला हातही लावायचा नाही. असं चार-पाच वेळा करा. रेघा आल्या तर दोष झोपेत आहे. अजिबात आल्या नाहीत, पण झाकण लावून उघडलं की येतात, तर दोष झाकणात आहे, झोपेशी त्याचा संबंध नाही.

माझ्या भाच्याचं अगदी असंच झालं. तो लातूरला नीटच्या तयारीसाठी होस्टेलवर असतो, टेस्ट सिरीज लॅपटॉपवर सोडवतो. फोनवर म्हणाला, “मामा, झोपेतून उठवलं की स्क्रीन थरथरायलीय.” त्याला हीच चाचणी करायला लावली. अर्ध्या तासाने फोन आला, “मामा, कळ दाबून उठवलं की काहीच होत नाही. झाकण उघडताना एका जागी आलं की थरथरतं, जरा मागं नेलं की बंद.” पॅनलची केबल बिजागरीच्या बाजूने वळून जाते आणि रोजच्या उघडझापीत तिथेच पिचते. दुकानात केबल काढून पाहिली तर वळणावर काळं आवरण घासून आतली तार दिसत होती. केबल बदलली, पॅनल तेच राहिलं. केबल पॅनलपेक्षा बरीच स्वस्त असते, म्हणून दुकानात गेल्यावर ‘आधी केबल काढून, साफ करून परत बसवा, मग बघू’ असं स्पष्ट सांगा. लॅपटॉप बोटांनी एका कोपऱ्याला धरून उचलायची, नाहीतर झाकण एकाच बाजूने उघडायची सवय असेल तर ती सोडा. बिजागरी आणि केबल दोन्हींवर त्याचा ताण येतो.

वही

माझ्या लॅपटॉपला मात्र झाकण न लावताही रेघा यायच्या आणि चार कळा दाबल्या की जायच्या. म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचं काहीतरी. पण कधी यायच्या, कधी नाही. म्हणून बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर नऊ दिवस टिपण ठेवलं. किती वाजता, किती वेळ झोपला होता, झाकण लावून की मेनूतून, चार्जरवर की बॅटरीवर, आणि काय दिसलं. एका वेळची एक ओळ.

पाचव्या दिवसापर्यंत मी वेळेकडेच बघत होतो. दुपारीच का? उकाडा का? ऑक्टोबरची दुपार आमच्याकडे कडकच असते आणि कापसाच्या दिवसांत पंख्याच्या जाळीत रुई अडकते, म्हणून जाळी साफ केली. फरक नाही. नवव्या दिवशी पान सलग वाचलं तेव्हा दिसलं: रेघा आलेली प्रत्येक ओळ बॅटरीची होती. चार्जरवर एकदाही नाही. दुपारी दीड-दोनला आमच्याकडे लाईट जायची, झाकण उघडायचो तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर असायचा. पॅनल बदलल्यावरचे दोन दिवस रेघा का आल्या नाहीत तेही उमगलं. त्या दोन दिवशी लाईट गेलीच नव्हती.

बॅटरीवर आणि चार्जरवर लॅपटॉप वेगळा वागतो. बॅटरीवर ग्राफिक्स ड्रायव्हर वीज वाचवायच्या युक्त्या सुरू करतो आणि त्यातली एक आहे पॅनल सेल्फ रिफ्रेश, थोडक्यात पीएसआर. स्क्रीन एरवी सेकंदाला ६० वेळा नवं चित्र मागते, चित्र तसूभर बदललेलं नसलं तरी. मग २०११ साली पॅनलच्या जोडणीच्या मानकात अशी सोय आली की पॅनलमध्येच थोडी मेमरी ठेवायची, चित्र स्थिर असेल तर पॅनलने स्वतःजवळचंच चित्र दाखवत राहायचं आणि ग्राफिक्सने तेवढा वेळ विसावा घ्यायचा. पुढच्या आवृत्तीत आणखी सुधारणा झाली: चित्राचा जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवायचा. सोय उत्तमच आहे. पण झोपेतून उठताना ड्रायव्हर आणि पॅनल यांचा मेळ चुकला तर पॅनल जुनं, अर्धवट चित्र दाखवत बसतं आणि जिथे काही हलतं तेवढाच तुकडा ताजा होतो. माऊसची वाट स्वच्छ का झाली, पट्टीतले आकडे दोनदा का दिसले, टीव्हीवर सगळं चांगलं का, सगळ्याची उत्तरं इथे मिळाली.

इंटेलचं ग्राफिक्स असेल तर इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर उघडा, त्यात सिस्टीम, मग पॉवर, आणि तिथे बॅटरीच्या भागात पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद करा. नव्या लॅपटॉपवर प्रोग्रामचं नाव आणि मांडणी थोडी वेगळी असेल, पण पॉवरच्या भागातच शोधायचं. एएमडी असेल तर एड्रेनालिन सॉफ्टवेअरच्या डिस्प्लेच्या भागात व्हॅरी-ब्राइट नावाची वीज वाचवणारी सोय असते, आधी ती बंद करून बघा. लिनक्स वापरणाऱ्यांनी इंटेलच्या आय-९१५ ड्रायव्हरचा एनेबल-पीएसआर हा पर्याय शून्य करावा. स्क्रीनचा वेग आपोआप कमीजास्त होण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करून ६० हर्ट्झवर कायम ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस वहीत बघा. तीन बदल एकदम केले की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात. बॅटरी थोडी लवकर उतरेल. माझ्याकडे जाणवावा असा फरक पडला नाही.

तुमच्या वहीत बॅटरी-चार्जरचा असा फरक दिसला नाही तर पुढचा संशय ड्रायव्हरच्या आवृत्तीवर. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम, आणि रेघा आल्या त्या मिनिटाच्या नोंदी वाचा. ४१०१ क्रमांकाची डिस्प्लेची नोंद सापडली तर तिचा अर्थ असा की ड्रायव्हरने प्रतिसाद दिला नाही आणि विंडोजने तो परत उभा केला. विंडोज साधारण २ सेकंद वाट बघतं आणि मग हे करतं. अशा नोंदी उठण्याच्या वेळेलाच येत असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स, त्यात तुमचं ग्राफिक्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. त्रास अलीकडे विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर तिथलं रोल बॅक दाबून जुन्या ड्रायव्हरवर जा. त्रास जुनाच असेल तर नवा ड्रायव्हर टाका, आणि तो लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या संकेतस्थळावरून, मागच्या बाजूला लिहिलेला मॉडेल नंबर टाकून घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारे फुकटातले प्रोग्राम टाळा, ते भलताच ड्रायव्हर गळ्यात घालतात.

कंपनीच्या त्याच संकेतस्थळावर बायोसचंही, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचंही, अपडेट दिसेल. झोप आणि जाग यांच्या तक्रारींवर त्याने खरोखर फरक पडतो. पण बायोस लिहिला जात असताना वीज तुटली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची वेळ येते. आपल्याकडची लाईट लक्षात घ्या: बॅटरी पूर्ण भरलेली हवी, चार्जर लावलेला हवा आणि आभाळ भरून आलं असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर टाका. बॅटरी खराब झालेल्या लॅपटॉपवर तर हे करूच नका.

आता झोपेचा प्रकार. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी हा शब्द इंग्रजीत टाका, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ (/) आणि ए. तुमच्या लॅपटॉपला झोपेचे कोणते प्रकार येतात त्याची यादी समोर येते. एस-३ असेल तर ती जुनी, गाढ झोप. एस-० असेल तर मोबाईलसारखी सावध झोप, ज्यात लॅपटॉप अधूनमधून जागा होऊन नेटवरून काहीबाही घेत असतो. बरेच नवे लॅपटॉप दुसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यांना एस-३ येतच नाही. जिंतूरहून परभणीला मोटारसायकलवर येणारा माझा एक ओळखीचा शिक्षक झाकण लावून लॅपटॉप पिशवीत टाकायचा आणि शाळेत काढला की तो तव्यासारखा तापलेला असायचा, स्क्रीनवर रंगीत चौकोन. मे महिन्यात बाहेर ४३ अंश, पिशवी बंद, आत पंख्याला हवा नाही आणि लॅपटॉप मध्येच जागा झालेला. त्याला एवढंच करून दिलं की झाकण लावलं की स्लीपऐवजी हायबरनेट. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप खरोखर बंद होतो. एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच. चौकोन थांबले. मूळ दोष सापडेपर्यंत कामं अडू नयेत म्हणून हा उपाय कुणीही वापरावा.

स्क्रीनशॉटमध्येच रेघा येत असतील आणि ड्रायव्हर बदलूनही गेल्या नसतील, तर रॅम बघा. ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यात चित्रासाठीही रॅमचाच तुकडा वापरला जातो. विंडोजमध्येच मेमरी तपासायचा प्रोग्राम आहे, शोधपेटीत विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लिहिलं की सापडतो. रात्री लावून ठेवा. रॅमची पट्टी काढता येण्यासारखी असेल तर जाणत्या माणसाकडून काढून, टोकं पुसून परत बसवली तरी पुष्कळदा काम होतं. तेही करून रेघा तशाच, आणि लॅपटॉप सुरू होतानाच्या कंपनीच्या चिन्हावरही दिसतात, तर मग ग्राफिक्सची चिप किंवा मदरबोर्ड. तिथे घरचे उपाय संपतात.

दुकानात बाहेरचा मॉनिटर जोडणाऱ्यांसाठी थोडं. लॅपटॉप उठतो पण मॉनिटर ‘सिग्नल नाही’ म्हणतो, तेव्हा मॉनिटरचा प्लग दहा सेकंद काढून परत लावा, मग एचडीएमआय केबल बदलून बघा. मॉनिटरवर आडव्या लाटा फिरत असतील, लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खाली जाते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहावं लागतं. आणि चार्जरची तिसरी पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवू नका.

माझ्या लॅपटॉपवर पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद केल्यापासून दिवाळी गेली, कापूस गेला, रेघा नाहीत. मग जानेवारीत, तुरीची आवक सुरू झाल्यावर, एका दुपारी खालच्या कोपऱ्यात पुन्हा हिरवी रेघ. या वेळी घाबरलो नाही. कमांड सेंटर उघडलं तर ते सेटिंग पुन्हा चालू झालेलं. आदल्या रात्री विंडोजने ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आपणहून टाकला होता आणि सेटिंग्ज मूळपदावर आल्या होत्या. परत बंद केलं, मिनिटाभराचं काम. तेव्हापासून कीबोर्डच्या खालच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने लिहून ठेवलंय: ‘अपडेट झालं की पीएसआर बघ.’